पहिल्या नंबराला पाच किलो कांदे!

बालदोस्तांनो,

 

या आठवड्यात क्रिकेटला सुट्टी. कबड्डीलाही सुट्टी. कारण टपालात सटाण्याहून एक पत्र आलं आणि ते वाचल्यावर मला दुसरं काही सुचेना. पत्र सातवीतल्या एका दोस्ताचं आहे. त्याचं नाव छापत नाही, कारण पत्र थोडं रडवेलं आहे आणि त्याच्या वर्गातली मुलंही हे पान वाचतात. पत्र असं :

‘काका, आमच्या गल्लीतलं मंडळ दर २६ जानेवारीला सायकल शर्यत भरवतं. आरम नदीच्या पुलापासून चार किलोमीटर जायचं आणि परत यायचं. मागची दोन्ही वर्षं मी पहिला आलो. या वर्षी शर्यतीच्या दोन दिवस आधी मंडळानं नवीनच नियम काढला. मागच्या वर्षी जो पहिला आला, त्यानं कॅरिअरला पाच किलो कांदे बांधून सायकल चालवायची. मी बांधले. मी चौथा आलो. सगळे हसले. कांदेसुद्धा आमच्याच शेतातले होते. आता मी कधीच शर्यतीत उतरणार नाही. काका, पहिला येणं हा गुन्हा आहे का?’

वाचलंत? आता खरं सांगा, तुम्हालाही हसू आलं ना? मलाही आलं. पण शेवटच्या ओळीनं ते हसू थांबलं. कारण प्रश्न साधा नाही. जो मुलगा रोज पहाटे उठून सायकल मारतो, त्यानं या एका नियमापायी सायकल कोपऱ्यात उभी करून ठेवायची, हे काही बरं नाही.

तेव्हा आज आपण या प्रश्नाचं उत्तर शोधू या. त्यासाठी जायचं कुठं, माहीत आहे? मोटारींच्या शर्यतीला! तुम्ही म्हणाल, कांद्याचा आणि मोटारींचा काय संबंध? आहे, आहे. जगात एक अख्खा खेळ असा आहे, की ज्यात वर्षानुवर्षं जिंकणाऱ्याच्या गाडीत वजन ठेवत आले. त्या खेळाचं नाव टूरिंग कार रेसिंग.

मोटारींची शर्यत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वनची ती चपटी, उघड्या चाकांची गाडी येते. तसली गाडी तुमच्या बाबांना दुकानात विकत मिळणार नाही. टूरिंग कार मात्र दिसायला अगदी रस्त्यावरच्या गाडीसारखी. तिला दारं असतात, टप असतो, दिवे असतात, मागं डिक्की असते. घरगुती गाडी घ्यायची, आतल्या गाद्या आणि बाकडी काढून टाकायची, चालवणाऱ्यासाठी एकच घट्ट बैठक ठेवायची आणि त्याच्याभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवायचा. गाडी उलटली तरी आतला माणूस चेपला जाऊ नये म्हणून हा पिंजरा. मग इंजिन, ब्रेक, टायर सगळं शर्यतीचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर आपल्या शेजारच्यांची गाडी! या खेळाची सगळी गोडी इथंच आहे.

नाशिक जिल्ह्यातल्या मंडळींना मोटारींचे खेळ तसे नवीन नाहीत. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकच्या परिसरात अनेकदा झालेली आहे. पण रॅली वेगळी बरं का! रॅलीत गाड्या एकेक करून सोडतात, कच्च्या रस्त्यानं त्या घड्याळाशी झुंजतात, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेला सोबती पुढचं वळण वाचून सांगतो. टूरिंग कारमध्ये सगळ्या गाड्या एकदम सुटतात. दाराला दार घासतं, आरसे तुटतात, पत्रे चेपतात.

आपल्या देशातही या शर्यती होतात. राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत ‘इंडियन टूरिंग कार्स’ नावाचा गट आहे. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई इथला ट्रॅक, ही या शर्यतींची दोन मोठी ठिकाणं. आणि एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राची. २०१० साली फोक्सवॅगन कंपनीनं भारतात ‘पोलो कप’ सुरू केला. ही पोलो गाडी तयार व्हायची पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात! पुढं पोलोच्या जागी व्हेंटो आली, मग अमिओ आली. ज्यांना लहानपणापासून शिकायचं असतं ती मुलं छोट्या, बुटक्या गो-कार्टपासून सुरुवात करतात. कोल्हापुरातल्या मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत.

आता नीट लक्ष द्या. शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून काय काय करता येतं?

पहिला उपाय पोलो कपसारखा. सगळ्यांना एकच गाडी द्यायची. तेच इंजिन, तेच टायर. मग जो जिंकेल तो चालवण्याच्या कौशल्यावर. सोपं आहे. पण त्यात एका कंपनीच्या गाडीशी दुसऱ्या कंपनीच्या गाडीची टक्कर बघण्याची मजा नाही.

दुसरा उपाय, गाड्या वेगवेगळ्या ठेवायच्या आणि नियमांनी त्यांना एकमेकींच्या जवळ आणायचं. ब्रिटनमधली टूरिंग कार स्पर्धा असंच करते. १९५८ साली सुरू झालेली ही स्पर्धा अजून जोरात आहे. वर्षाला दहा रविवारी शर्यती, प्रत्येक रविवारी तीन, म्हणजे हंगामात तीस. एखादी गाडी सारखीच जिंकायला लागली तर? पहिल्या दोन रविवारी लोक टाळ्या वाजवतील. तिसऱ्या रविवारी घरी बसतील. हरणारे संघही म्हणतील, आमचे पैसे कशाला घालवायचे? आणि एक दिवस मैदानावर एकटा विजेताच उरेल. एकट्यानं धावून पहिला आला, तर त्याला शर्यत म्हणत नाहीत, बरोबर ना?

म्हणून तिथं अनेक वर्षं वजनाचा नियम होता. गुणतक्त्यात जो सगळ्यात पुढं, त्याच्या गाडीत जादा वजन. एके काळी हे वजन ७५ किलोपर्यंत होतं. म्हणजे जणू एक धडधाकट मामाच गाडीत बसवला, आणि तोही काही काम न करणारा! दुसऱ्या क्रमांकाला त्याहून कमी, तिसऱ्याला आणखी कमी, असं उतरत उतरत पहिल्या दहांपर्यंत. त्याच दिवशीच्या पुढच्या शर्यतीत वजन आधीच्या शर्यतीच्या निकालावरून ठरायचं. जिंकलास? घे वजन. मागं पडलास? उतरव वजन.

या वजनानं होतं काय? तुमच्या सटाण्याच्या भाषेत सांगतो. कांदा भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली, दोन्ही ओढताना ट्रॅक्टर बघा. भरलेली ट्रॉली उभ्यावरून वेग घ्यायला वेळ लावते. थांबवायची म्हटली तर ब्रेक आधीपासून दाबावा लागतो. वळणावर ती बाहेरच्या बाजूला ओढ घेते. शर्यतीच्या गाडीचं अगदी तेच होतं, आणि शिवाय टायर लवकर झिजतात. एका फेरीत जाणारा वेळ दिसायला थोडा असतो. पण दाराला दार लावून चाललेल्या शर्यतीत तेवढ्या वेळात दोन गाड्या पुढं निघून जातात.

मग वजन मिळाल्यावर ते चालक काय करायचे? रुसून घरी बसायचे? कुरकुर पुष्कळ करायचे, खोटं कशाला सांगू! पण ॲश सटन नावाचा चालक बघा. २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं, हा वजनाचा नियम असतानाच, तो अजिंक्य ठरला. प्रत्येक शर्यत जिंकून नव्हे बरं का. वजन जास्त असेल त्या दिवशी तो चौथा-पाचवा येऊन गुण गोळा करायचा आणि हलका असेल त्या दिवशी झडप घालायचा. ‘आज मी चौथा आलो’ हे त्याच्या हिशोबात अपयश नव्हतं. आपल्या सटाण्याच्या दोस्तानं ही ओळ दोनदा वाचावी!

अर्थात या नियमातही खोट होती. काही जण म्हणायचे, वजन नको म्हणून एखादा मुद्दामच मागं राहिला तर? म्हणजे हुशारी वेगात दाखवायची की हळू चालवण्यात? शिवाय सगळ्यात चांगल्यालाच शिक्षा का, ही तक्रार होतीच. म्हणजे आपल्या दोस्ताचाच प्रश्न! शेवटी २०२२ साली ब्रिटनच्या स्पर्धेनं वजन काढून टाकलं. त्याऐवजी गाड्यांना इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर बसवली. बटण दाबलं की काही सेकंद जादा ताकद मिळायची. गुणतक्त्यात जो पुढं, त्याला ही ताकद कमी वेळ वापरायला मिळायची. मागच्याला जास्त वेळ. म्हणजे पुढच्याच्या पाठीवर ओझं टाकण्याऐवजी मागच्याला पाठीवर थाप! त्या वर्षी टॉम इंग्रॅम अजिंक्य ठरला.

हाही नियम टिकला नाही. विजेची मोटर आणि तिची बॅटरी जड होती आणि खर्चिकही. २०२५ च्या हंगामापासून ती काढून टाकली. आता इंजिनातच हवेचा दाब थोडा वाढवून जादा ताकद देतात. त्याच वर्षापासून या गाड्या खनिज तेलाऐवजी पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या शाश्वत इंधनावर धावू लागल्या. आणि २०२५ चा अजिंक्यवीर कोण? पुन्हा टॉम इंग्रॅम! नियम दोनदा बदलले, माणूस तोच जिंकला. यातलं काय घ्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणखी एक गंमत. तिथं दिवसातल्या तिसऱ्या शर्यतीत पुढच्या काही गाड्यांची रांग उलटी लावतात. दुसऱ्या शर्यतीत पहिला आलेला मागं आणि मागचा पुढं! किती गाड्या उलट्या लावायच्या, ते चिठ्ठी काढून ठरतं. तुमच्या शाळेत पीटीच्या सरांनी एकदा असं करून बघायला हरकत नाही.

म्हणजे नियम बदलतात. नेहमी बदलतात. पण कधी बदलावेत आणि कसे, याचं एक शास्त्र आहे. ते चुकलं की काय होतं, त्याची गोष्ट १९९४ सालची.

त्या वर्षी इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीनं ब्रिटनच्या स्पर्धेत ‘१५५’ नावाची गाडी उतरवली. नियम असा होता, की शर्यतीच्या गाडीचा बाहेरचा आकार दुकानात विकल्या जाणाऱ्या गाडीसारखाच हवा. अल्फावाल्यांनी काय केलं? तशी खास गाडीच विकायला काढली. तिला पुढच्या बाजूला एक ओठ आणि मागच्या डिक्कीवर एक पंख होता, आणि दोन्ही पुढं-मागं, वर-खाली सरकवता येत होते! रस्त्यावर ते आत, शर्यतीत बाहेर. बाहेर काढले की हवा गाडीला जमिनीवर दाबून धरते आणि वळणावर गाडी घसरत नाही. पहिल्या पाचही शर्यती गॅब्रिएले टार्किनी या त्यांच्या चालकानं जिंकल्या. बाकीच्या संघांनी एकच गलका केला. ‘हे नियमात बसत नाही!’ अल्फा म्हणे, ‘तुमचाच नियम वाचा की!’ हंगाम अर्ध्यावर असताना नियमाचा अर्थ बदलायची वेळ आली. भांडण इतकं पेटलं की ओल्टन पार्क इथल्या शर्यतीच्या वेळी अल्फाचा संघ गाड्या घेऊन सरळ निघून गेला. पुढं तडजोड झाली, पंख आत घेऊन गाड्या धावल्या, आणि एवढं सगळं होऊनही अजिंक्यपद टार्किनीनंच मिळवलं. दुसऱ्या वर्षी, १९९५ मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना असे पंख लावायची मोकळीक दिली. भांडण संपलं!

त्याच १९९४ साली व्होल्वो कंपनीनं काय उतरवलं होतं, सांगू? मागं सामानासाठी लांबलचक डिक्की असलेली, सहलीला जायची गाडी! लोक पोट धरून हसले. मग व्होल्वोवाल्यांनी एकदा शर्यतीआधीच्या फेरीत डिक्कीत एक भला मोठा खोटा कुत्रा बसवला आणि हसणाऱ्यांसोबत आपणही हसले. चार वर्षांनी, १९९८ साली, व्होल्वोच्याच गाडीत बसून रिकार्ड रिडेलनं ही स्पर्धा जिंकली. तोच रिडेल त्या लांबड्या गाडीचाही चालक होता! कांदे बांधल्यावर लोक हसले म्हणून रडायचं नाही, हे यावरून कळलं ना?

आता दुसऱ्या प्रकारचा नियम. हा वाकवायचा नसतो. १९८७ साली ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट इथं एक हजार किलोमीटरची शर्यत झाली. एका संघाच्या दोन फोर्ड गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. हार-तुरे झाले. पण नंतर तपासणीत ठरलं की पुढच्या चाकांवरचे पत्रे नियमाप्रमाणे नाहीत. झालं! दोन्ही गाड्या बाद. तिसऱ्या आलेल्या पीटर ब्रॉक आणि त्याच्या दोन जोडीदारांना विजेते ठरवलं. निकाल लागला तो शर्यतीनंतर कितीतरी दिवसांनी. पत्रा थोडासाच वेगळा होता, हे कुणी ऐकून घेतलं नाही. जो नियम आधीपासून लिहिलेला आहे आणि सगळ्यांना सारखा आहे, तो मोडला की पहिला नंबरसुद्धा परत द्यावा लागतो.

तिसरा प्रकार सुरक्षेच्या नियमांचा. त्याचं उदाहरण घ्यायला ऑस्ट्रेलियापर्यंत जायला नको. आपल्या महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीच बघा. जनावरांचे हाल होतात म्हणून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली. मग राज्यानं कायदा बदलला, नियम केले. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी तो बदललेला कायदा योग्य ठरवला. आता शर्यत भरवायची तर परवानगी काढावी लागते, बैलांची डॉक्टरी तपासणी करावी लागते, आणि चाबूक, काठी, पराणी यांना मनाई आहे. बैलाला तक्रारअर्ज लिहिता येत नाही. त्याच्या वतीनं नियम बोलतो. हे नियम काहींना जाचक वाटतात, काहींना अपुरे वाटतात. पण कशासाठी आहेत, ते मात्र सगळ्यांना कळतं.

चला, आता परत सटाण्याला, आरम नदीच्या पुलावर. वही-पेन्सिल घ्या. आपण गणित करू.

ब्रिटनमधली शर्यतीची गाडी चालकासकट सुमारे १३०० किलो भरते. तिच्यात जास्तीत जास्त ७५ किलो जादा. म्हणजे शंभराला साधारण सहा. आता आपला दोस्त. सातवीतला मुलगा, धरू या ४० किलोचा. सायकल धरू या १५ किलोची. मिळून झाले ५५. त्यावर पाच किलो कांदे. पाच भागिले पंचावन्न, गुणिले शंभर. किती आले? नऊ! शंभराला नऊ!

अरे बापरे! म्हणजे आमच्या दोस्ताच्या पाठीवर मंडळानं ब्रिटनच्या अजिंक्यवीरापेक्षा दीडपट ओझं टाकलं होतं! ब्रिटनच्या हिशोबानं त्याला तीन किलोच्या जरासे वर कांदे पुरे होते. आणि एवढं ओझं घेऊन हा पठ्ठ्या आठ किलोमीटरच्या शर्यतीत चौथा आला! दोस्ता, तुझ्या गल्लीत हसले ना? आता हे गणित फळ्यावर मांडून दाखव. कोण हसतंय ते बघू.

दुसरी गोष्ट. शर्यतीच्या गाडीत वजन कुठंही टाकत नाहीत. धातूच्या जड पट्ट्या गाडीच्या तळाशी, जमिनीजवळ, बोल्ट लावून घट्ट बसवतात. कॅरिअरवर सुतळीनं बांधलेली कांद्याची पिशवी वळणावर झुलते आणि सायकलला आडवी ओढते. वाटेत पिशवी फाटली असती तर? मागच्या मुलांच्या चाकाखाली कांदेच कांदे! हा विनोद नाही. कुणाचा हात मोडला असता.

तेव्हा माझा निकाल ऐका. मी काही न्यायमूर्ती नाही, पण विचारलंय म्हणून देतो.

मंडळाचा हेतू वाईट नव्हता. एकच मुलगा सारखा जिंकला तर बाकीची मुलं यायची बंद होतील, ही भीती खरी आहे. पण मंडळ चार ठिकाणी चुकलं. नियम दोन दिवस आधी काढला. ओझं फार दिलं. ते एकट्यालाच दिलं, दुसऱ्या-तिसऱ्याला काहीच नाही. आणि चुकीच्या जागी बांधायला लावलं.

आणि दोस्ता, तूही एका ठिकाणी चुकतोयस. शर्यत सोडून तू मंडळाची चूक दुरुस्त करणार आहेस का? नाही. उलट सगळे म्हणतील, ‘बघा, ओझं दिलं आणि पळाला.’ सायकल सोडू नकोस. मंडळाला अर्ज लिही. मी मुद्दे देतो, शब्द तुझे घाल :

एक, पुढच्या शर्यतीचे नियम निदान दोन महिने आधी मंडळाच्या फलकावर लावावेत.

दोन, वजन द्यायचंच असेल तर पहिल्याला तीन किलो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. आणि शर्यतीआधी आणि नंतर ते सगळ्यांसमोर काट्यावर मोजावं. वाटेत कुणी कांदे काढून खाल्ले तर कळायला नको?

तीन, वजन वाळूच्या लहान, शिवलेल्या पिशव्यांत असावं आणि सायकलच्या मधल्या दांडीला खाली, घट्ट बांधावं. ब्रेक आणि टायर तपासल्याशिवाय कुणाला सोडू नये. डोक्यावर हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. शर्यत चालू असेपर्यंत रस्त्यावर बाकीची वाहनं येऊ देऊ नयेत.

चार, वजन नको असेल तर दुसरा उपाय. मागच्या विजेत्याला शेवटच्या रांगेतून सोडावं.

पाच, प्रत्येकाची वेळ घड्याळावर मोजून वहीत लिहावी. मग नंबर काहीही येवो, मागच्या वर्षीपेक्षा आपण किती सुधारलो, ते प्रत्येकाला कळेल. अगदी शेवटच्या मुलालाही.

हा अर्ज एकट्यानं नेऊ नकोस. या वर्षी जो पहिला आला, त्याला बरोबर घे. का? कारण पुढच्या वर्षी कांदे त्याच्या कॅरिअरवर असणार आहेत! त्याला तुझं म्हणणं लगेच पटेल.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मुलगा चौथा आला म्हणून ‘काय हे?’ म्हणण्याआधी कॅरिअरवर काय बांधलं होतं ते एकदा बघावं. कुणाच्या पाठीवर धाकट्या भावंडांना सांभाळायचं ओझं असतं, कुणाच्या पाठीवर शेतातल्या कामाचं. ते काट्यावर मोजता येत नाही, पण असतं. आणि हो, ही पत्रातली शर्यत मंडळानं भरवलेली होती. एरवी भर रस्त्यात सायकली किंवा मोटरसायकली पळवणं म्हणजे शर्यत नव्हे. तिथं पंच नसतो, पिंजरा नसतो आणि समोरून येणाऱ्या ट्रकला कसलेच नियम ठाऊक नसतात.

सटाणा म्हणजे देवमामलेदारांचं गाव. १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी मामलेदार असताना भुकेल्या लोकांसाठी सरकारी खजिना उघडला, ही गोष्ट तिथल्या लहान मुलालाही पाठ असते. नियम कुणासाठी असतात, हे त्या गावातल्या मंडळाला मी वेगळं काय सांगू? अर्ज नीट लिहिला तर ते ऐकतील, अशी माझी खात्री आहे.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. पहिला येणं हा गुन्हा आहे का? नाही रे बाबा! मंडळानं तुझ्या सायकलला कांदे बांधले, कारण साध्या सायकलवर तुला गाठणारं त्यांच्याकडे कुणीच नव्हतं. तेव्हा उद्या पहाटे ऊठ, टायरमध्ये हवा भर आणि निघ. येत्या वर्षभरात आठवड्यातून एकदा तीन किलोची पिशवी दांडीला बांधून सराव कर. बाकीचे दिवस मोकळी सायकल. मग बघ, पिशवी सोडल्यावर सायकल कशी उडते ते!

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. स्वतःचं वजन, सायकलचं वजन मोजा आणि शंभराला सहाच्या हिशोबानं तुम्हाला किती कांदे बांधावे लागतील ते काढा. उत्तर आणि तुमच्या गावातल्या एखाद्या शर्यतीचा गमतीदार नियम लिहून पाठवा. निवडक पत्रं या पानावर छापू. आणि सटाण्याच्या दोस्ता, मंडळाचं काय उत्तर येतं ते कळव हं! आम्ही सगळे वाट बघतोय.

तुमचा,
काका